सशर्त सहकार्य : रेडमंड, टिळक आणि सैन्यभरतीचा प्रश्न

पहिल्या महायुद्धकाळातील लोकमान्य टिळकांच्या सैन्यभरतीविषयक भूमिकेची तुलना आयरिश नेते जॉन रेडमंड यांच्या भूमिकेशी करण्याचा मोह स्वाभाविक आहे. न. चिं. केळकरांच्या ‘आयर्लंडचा इतिहास’ (१९०९) या ग्रंथाने आयरिश लढा मराठी वाचकांपर्यंत पोहोचवला होता. ‘होमरूल’ हा शब्दही तिकडचाच. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव सुरू होता. तथापि हे साम्य वरवरचे आहे.

होमरूल कायदा सप्टेंबर १९१४ मध्ये संमत होऊन लगेच युद्धकाळापुरता स्थगित झाला. त्यानंतर २० सप्टेंबरच्या वुडनब्रिज येथील भाषणात रेडमंड यांनी स्वयंसेवकांना आयर्लंडबाहेरील रणभूमीवरही लढण्याचे आवाहन केले. त्यातून आयरिश स्वयंसेवक दल फुटले. बहुसंख्य रेडमंड यांच्याबरोबर राहिले. परंतु १९१६ चा उठाव अल्पसंख्य गटातूनच उभा राहिला. १९१८ च्या निवडणुकीत रेडमंड यांच्या पक्षाचा धुव्वा उडाला.

टिळकांच्या हाती असे दलच नव्हते. त्यामुळे अट हेच त्यांचे शस्त्र ठरले. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमधील युद्धपरिषदेत त्यांनी स्वराज्य आणि स्वसंरक्षण यांची सांगड घातली. गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवताच टिळक सभात्याग करून निघाले. भारतीयांना अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळाल्यास महाराष्ट्रातून पाच हजार सैनिक देऊ, असे सांगून त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा धनादेश पाठवला. बिनशर्त भरतीचे पुरस्कर्ते असलेल्या गांधीजींनी तो परत केला.

मात्र या सशर्ततेचीही मर्यादा तपासली पाहिजे. अट घालणारा वर्ग गिरगावातल्या सभांचा श्रोता होता. पलटणीत जाणारा शिपाई मुख्यतः रत्नागिरी-साताऱ्याच्या खेड्यांतला होता. परळ-लालबागच्या गिरण्यांना कामगार पुरवणारे जिल्हेही हेच. महार समाजाला तर सैन्याचे दारच बंद होते. ते उघडावे म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज केला होता. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. त्यांच्या दृष्टीने भरती हाच हक्क होता, सौद्याचे साधन नव्हे.

सारांश, रेडमंड यांनी मोबदला हाती पडण्यापूर्वी माणसे दिली. टिळकांनी ती चूक टाळली. परंतु ज्यांच्या वतीने सौदा करावयाचा, त्यांचे मत त्यात कोठे होते, हा प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरितच राहतो.