सड्याचा कडा आणि संगणकाचा उतार

भूरूपांच्या अभ्यासात संगणक आल्यापासून आकारमितीय विश्लेषण पुष्कळच सुलभ झाले, हे निर्विवाद आहे. स्थलनिर्देशक नकाशावरील समोच्चरेषा मोजून जे काम दीर्घ परिश्रमाने होत असे, ते आता अंकीय उंची-प्रतिमानावरून अल्पावधीत उरकते. परंतु या सुलभतेबरोबर आकड्यांची चिकित्सा मागे पडू लागली आहे. रत्नागिरी परिसरातील जांभ्याचे सडे या दृष्टीने विचारार्ह आहेत.

सड्याचा माथा बहुधा सपाट असतो. कड मात्र एकाएकी तुटते. अभ्यासकांच्या नित्य वापरातील एक प्रतिमान फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानातून झालेल्या रडार-मोजणीवर आधारलेले असून त्याची चौकट सुमारे ३० मीटरची आहे. उतार काढताना मधल्या चौकटीभोवतालच्या आठ चौकटींची उंची विचारात घेतात. म्हणजेच उंचीतील फरक सुमारे ६० मीटर अंतरावर वाटला जातो. २० मीटर उंचीचा सरळ उभा कडा घेतल्यास या रीतीने येणारा कोन सुमारे १८ अंशच भरतो. भूमीवर जो कडा आहे, तो नकाशावर साधी उतरण ठरतो.

यात वृक्षांची भर पडते. या रडारच्या ५.६ सेंटिमीटर लांबीच्या लहरी दाट पालवीतून जमिनीपर्यंत पुरत्या पोहोचत नाहीत. उघड्या कातळाची उंची त्यामुळे खरी येते. कड्याखालच्या आमराईची मात्र वाढीव येते. परिणामी दोहोंतील अंतर आणखी घटते.

जलप्रवाहांविषयीही असेच म्हणावे लागते. प्रवाहजाल काढण्यापूर्वी प्रतिमानातील खळगे भरून टाकण्याचा प्रघात आहे. त्यांतील कित्येक मोजणीचे दोष असतात, हे खरे. परंतु सड्यावर पावसाळ्यात पाणी धरणारे खळगे ही वस्तुस्थिती आहे. शिवाय सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावरून वाहते व पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने प्रकटते. पृष्ठभागाच्या उंचीवरून त्याचा मार्ग कळणे शक्य नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. जुलै २०२१ मध्ये खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून मनुष्यहानी झाली. दरडप्रवण क्षेत्र ठरविताना उतार हा एक प्रमुख निकष असतो. कड्याखालची वाडी केवळ चौकटीच्या आकारामुळे सौम्य वर्गात पडली, तर त्या नकाशावर विसंबणाऱ्यांची दिशाभूल होईल.

मोठ्या नदीखोऱ्याच्या सर्वसाधारण वर्णनास हे प्रतिमान पुरेसे आहे, हेही नमूद केले पाहिजे. आक्षेप आहे तो त्याचे निष्कर्ष वाडीच्या पातळीवर लावण्यास. यास्तव प्रबंधात उताराच्या प्रत्येक आकड्याशेजारी चौकटीचे माप द्यावे, खळगे भरण्यापूर्वी त्यांतील काहींची पावसाळ्यात प्रत्यक्ष पाहणी करावी आणि सड्याच्या कडेचा कोन निवडक ठिकाणी उतारमापकाने पडताळावा. एवढे केल्याशिवाय अशा नकाशाला जमिनीचे वर्णन म्हणता येणार नाही.