पाठीवरचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्या तोंडीं नेहमींच असते. परंतु ती उच्चारतांना आपल्या स्वरांत दोन निरनिराळे भाव उमटतात, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वरचेवर होणाऱ्या बदल्यांना कंटाळलेला नोकरदार ती म्हणतो तेव्हां तींत वैताग असतो. संसाराच्या पाशांत जखडलेला गृहस्थ एखाद्या फिरस्त्याकडे पाहून ती म्हणतो तेव्हां तींत हेवा असतो. मोटारींतच संसार थाटून हंगामी मजुरीच्या मागें हिंडणाऱ्या माणसांविषयीं अमेरिकेंत जें वाङ्मय निर्माण झालें आहे तें वाचतांना वाचकाचें मन याच दोन भावांमध्यें झोके घेत राहतें. यांपैकीं कोणता भाव खरा, हें पाहण्यास आमच्या मतें एक कसोटी पुरेशी आहे. लेखकानें त्या आयुष्याचा पहिला दिवस कसा रंगविला आहे तें पहावें. निघतांना माणूस काय टाकतो, काय बरोबर घेतो, आणि परतण्यासाठीं त्याच्यामागें कांहीं उरतें कीं नाहीं, या तीन गोष्टींत त्या प्रवासाचें मर्म सांठविलेलें असतें.

या विषयावरील श्रेष्ठ कृति म्हणजे जॉन स्टाइनबेक याची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही १९३९ सालची कादंबरी. ओक्लाहोमा संस्थानांतील जोड नांवाचें शेतकरी कुटुंब अवर्षण, धुळीचीं वादळें आणि पेढ्यांचें कर्ज यांच्या कचाट्यांत सांपडून जमिनीला मुकतें, आणि फळें तोडण्याचें काम मिळेल या आशेनें कॅलिफोर्नियाची वाट धरतें. त्यांचें वाहन म्हणजे एक जुनी हडसन मोटार; तिची मागची बाजू कापून तेथें मालगाडीचा हौदा बसविलेला. ज्या उघड्या पाठीच्या वाहनास आज पिकअप म्हणतात, त्याचाच हा घरगुती अवतार. या निघण्यासाठीं स्टाइनबेकनें एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातलें आहे, आणि कादंबरींतील उत्कृष्ट प्रकरणांत त्याची गणना करावी लागेल. पुरुषमंडळी सारें सामान विकावयास गांवांत जातात आणि सगळ्याचे मिळून १८ डॉलर घेऊन माना खालीं घालून परततात. रात्रीं डुकरें मारून त्यांचें मांस मिठांत घालतात. आई एकटी बसून एका पेटींतलीं जुनीं पत्रें व छायाचित्रें चाळते, दोन-चार चिमुकले दागिने काढून घेते, आणि पेटी चुलींत ठेवते. आजोबा ऐन वेळीं भूमि सोडावयास तयार होत नाहींत, म्हणून त्यांना कॉफींतून गुंगीचें औषध पाजून गाडींत चढवावें लागतें. घरांतली चूल विझण्यापूर्वींच कुटुंबाचीं खलबतें त्या गाडीभोंवतीं होऊं लागतात. एका वस्तूचें माहात्म्य दुसरीकडे कसें जातें, हें इतक्या सहजपणें दाखविलेलें आम्हीं क्वचितच वाचलें आहे.

परंतु स्टाइनबेक येथें थांबता तर त्याची कादंबरी केवळ हृदयद्रावक झाली असती. गाडी कोठें चालली आहे आणि तेथें तिचें स्वागत कोण करणार आहे, याचाही हिशेब तो मांडतो. वाटेंत भेटलेला एक फाटका मनुष्य जोडांना समजावून सांगतो कीं, ज्या मालकाला ८०० मजूर हवे असतात तो ५,००० पत्रकें छापतो. तीं २०,००० लोकांच्या दृष्टीस पडतात. आणि दोन-तीन हजार माणसें घरदार सोडून निघतात. मग मजुरी आपोआप खालीं येते. पुढें जोड कुटुंब पीच तोडूं लागतें तेव्हां त्यांना पेटीमागें ५ सेंट मिळतात. संप मोडतांच दर निम्म्यावर येतो. हें ज्ञान घरांत बसून मिळविलेलें नव्हतें. १९३६ सालीं ‘सॅन फ्रॅन्सिस्को न्यूज’ या पत्रासाठीं स्टाइनबेक एका जुन्या पावाच्या गाडींतून मजुरांच्या छावण्या पहात हिंडला होता.

गंमत अशी कीं, याच लेखकानें पुढें १९६० सालीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, स्वतःसाठीं एक पिकअप घेतली, तिच्यावर लहानशी खोली बसविली, तिला डॉन किहोटेच्या घोड्याचें नांव दिलें, आणि एका कुत्र्याला बरोबर घेऊन देश पहावयास निघाला. त्या प्रवासाचें वर्णन ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या १९६२ सालच्या पुस्तकांत आहे. तें पुस्तक प्रसन्न आहे. गरजेपेक्षां किती तरी अधिक सामान आपण भरलें, हेंही तो हंसत हंसत सांगतो. जोडांच्या गाडींत तेरा माणसें होतीं. येथें एक मनुष्य आणि एक कुत्रा. तथापि खरा भेद संख्येचा नव्हे. स्टाइनबेकच्या मागें न्यूयॉर्कजवळ घर उभें होतें. उत्तरेस मेन संस्थानांत बटाटे काढावयास सीमा ओलांडून आलेलें एक कॅनेडियन कुटुंब त्याला भेटतें, आणि तो त्यांचा आदरानें पाहुणचार करतो. पण आतां तो यजमान आहे आणि ते पाहुणे; एकेकाळीं त्यांच्याच बाजूनें जग पाहणारी त्याची लेखणी येथें खिडकींतून पाहते. घर शाबूत ठेवून निघालेला मनुष्य कितीही दूर गेला तरी तो प्रवासी. घर बुडवून निघालेला अंगणाबाहेर पडला तरी निर्वासित.

ही पार्श्वभूमि ध्यानांत ठेवून जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या ग्रंथाकडे वळलें पाहिजे. २००८ सालच्या आर्थिक कोसळणीनंतर ज्यांचीं घरें, ठेवी किंवा नोकऱ्या गेल्या, अशा उतारवयांतील माणसांची ही कहाणी आहे. भाडें परवडेना, तेव्हां हीं माणसें व्हॅन, जुना ट्रक किंवा मोटारीला जोडलेला डबा यांत राहूं लागलीं. उन्हाळ्यांत सरकारी वनांतील तळांची राखण, शरदांत रेड नदीच्या खोऱ्यांत बीटाची काढणी, नाताळच्या तोंडावर ॲमेझॉन कंपनीच्या प्रचंड गुदामांत बांधाबांध, असें त्यांचें वर्षाचें पंचांग. बीटाच्या हंगामांत बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रींच्या थंडींतही चालणाऱ्या. ग्रंथाची नायिका लिंडा मे साठी उलटलेली आहे. तिचें निर्वाहवेतन महिन्याला सुमारें ५०० डॉलर. १९३५ सालीं वृद्धांना असें वेतन देणारा कायदा अमेरिकेंत झाला तेव्हां शेतमजुरांना त्यांतून वगळलें होतें. जोड कुटुंबासारख्यांना त्याचा लाभच नव्हता. आठ दशकांनंतर ज्यांना लाभ आहे त्यांचाही त्यावर निभाव लागत नाहीं, हें ग्रंथ वाचून समजतें.

पहिल्या दिवसाच्या कसोटीला ब्रूडरबाई पूर्णपणें उतरल्या आहेत. या भटक्यांचा वडीलधारा सल्लागार बॉब वेल्स याची आरंभकथा त्यांनीं दिली आहे. अलास्कांत नोकरी करणारा हा मनुष्य घटस्फोटानंतर अर्धा पगार पत्नीला देऊन उरलेल्या पैशांत घरभाडें भागवूं शकेना. १९९५ सालीं त्यानें एक जुनी मालमोटार घेतली आणि तींत राहूं लागला. पुढें याच राहणीचें तत्त्वज्ञान सांगणारा हा गृहस्थ प्रारंभीं मात्र तेथें रडत रडत झोंपी गेला. एवढी एक गोष्ट त्याच्या साऱ्या उपदेशाला माणुसकीचें वजन देते. लेखिकेनें स्वतःही व्हॅन घेऊन तींत मुक्काम केला आणि बीटाच्या काढणीवर व गुदामांत काम करून पाहिलें. आपल्याला परत जावयास घर आहे, हें मात्र त्यांनीं कोठेंही लपविलेलें नाहीं.

याच ग्रंथावर क्लोई झाओ यांनीं काढलेल्या बोलपटाला २०२० सालीं व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि २०२१ सालीं ऑस्कर मिळालें. त्यांतील फर्न ही विधवा नेवाडांतील एम्पायर या गांवची. २०११ सालीं तेथील जिप्समचा कारखाना बंद पडला आणि गांवाचा टपालक्रमांकसुद्धां रद्द झाला. परतण्याचा पत्ता नाहींसा होणें याहून बोलकें चिन्ह कोणतें? वडिलांनीं दिलेल्या बशा ती बरोबर घेते. एक फुटते तेव्हां तुकडे चिकटविते. हीं स्थळें उत्तम आहेत. बोलपट प्रथम पाहिला त्या वेळीं आम्हांस फर्नचा हेवा वाटला, हें कबूल केलें पाहिजे. तें विस्तीर्ण आकाश, ती संध्याकाळ, तें एकटेपण! ग्रंथ पुन्हां उघडल्यावर त्या हेव्याची लाज वाटली. पडद्यावर गुदामांतील काम आहे, पण त्या कामानें सुजलेलीं मनगटें नाहींत. मालकाला अशा हंगामी म्हाताऱ्या हातांचीच सोय कां वाटते, हा प्रश्न नाहीं. उलट फर्नला दोनदां घर देऊं केलें जातें आणि ती दोनदां निघून जाते. त्यामुळें भटकणें हा तिचा स्वभाव ठरतो आणि अर्थव्यवस्था निर्दोष सुटते. १९४० सालीं जॉन फोर्ड यानें स्टाइनबेकच्या कादंबरीचा बोलपट केला तेव्हांही असेंच झालें होतें: प्रसंगांचा क्रम बदलून शेवट आशादायक केला गेला. दोन्ही वेळां हिशेबाचीं पानें पडद्यापर्यंत पोंचलीं नाहींत.

आपल्याकडील वाचकाला येथें वानप्रस्थाश्रम आठवेल. पण वानप्रस्थांत मिळवितेपण सोडून मनुष्य वनांत जातो; लिंडा मे वनांत जाते ती तेथील शौचकूप धुण्यासाठीं, तासाला दहा डॉलरांहूनही कमी मजुरीवर. आणि तरीही तिच्या विनोदबुद्धीला, तिच्या आतिथ्याला ओहोटी लागत नाहीं. येथें ‘घर’ हा शब्द अपुरा पडतो. आपला ‘बिऱ्हाड’ हा शब्दच योग्य. भिंती आपल्या नसतांनाही जें मांडतां येतें तें बिऱ्हाड.

ग्रंथांत दोष नाहींत असें नाहीं. हे भटके बहुतांशीं गोरे कां, हा प्रश्न लेखिका उपस्थित करते, पण त्यावर फार काळ रेंगाळत नाहीं. स्टाइनबेकच्या कादंबरींतूनही मेक्सिकन व फिलिपिनो मजूर जवळजवळ नाहींसे झाले आहेत, ही उणीव जुनीच. तथापि ज्यांनीं बोलपट पाहिला असेल त्यांनीं ग्रंथ अवश्य वाचावा, आणि त्यानंतर एखाद्या रात्रीं जोड कुटुंबाच्या प्रस्थानाचें प्रकरण घरांतल्या मंडळींना वाचून दाखवावें. पेटी चुलींत ठेवणारी ती आई एकदां डोळ्यांपुढें उभी राहिली, म्हणजे वरील म्हण पुन्हां उच्चारतांना आपला स्वर आपोआप खालीं येईल.