रानटी वीर आणि रुपेरी पडदा

कथेंतील एखादा नामांकित नायक पडद्यावर आणावयाचा म्हटला म्हणजे पहिला वाद माजतो तो नट कोण असावा याविषयीं. त्याचे दंड केवढे असावे, केस किती काळे असावे, उंची किती असावी, याचा खल इतका रंगतो कीं, त्या नायकाच्या मनांत काय होतें हें विचारावयास कोणास सवडच राहत नाहीं. अमेरिकन कथाकार रॉबर्ट हॉवर्ड याच्या कॉननच्या वांट्यास हें दुर्भाग्य पुरेपूर आलें आहे. १९८२ सालच्या चित्रपटांत आर्नोल्ड श्वार्झनेगर यानें ही भूमिका केली, १९८४ सालीं पुन्हां केली. २०११ सालीं ती जेसन मोमोआ या नटाकडे आली. या दोघांची तुलना हौसेनें पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, मूळ कथांशीं इमान राखलें गेलें कीं नाहीं हा प्रश्न नटाच्या निवडीहून निराळा आहे, आणि १९८२ व २०११ या दोन्ही सालच्या चित्रपटांचा दोष एकाच ठिकाणीं सांपडतो.

हॉवर्ड हा टेक्सास प्रांतांतला. १९०६ सालीं जन्मला आणि १९३६ सालीं, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षीं, त्यानें स्वतःच्या हातानें आयुष्य संपविलें. लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या, खरबरीत कागदावर छापलीं जाणारीं स्वस्त मासिकें हेंच त्याच्या उपजीविकेचें साधन होतें. त्यांपैकीं ‘वीअर्ड टेल्स’ नांवाच्या मासिकाच्या डिसेंबर १९३२ च्या अंकांत कॉनन प्रथम अवतरला, आणि गंमत अशी कीं, त्या पहिल्याच कथेंत तो प्रौढ वयाचा राजा आहे. स्वपराक्रमानें मिळविलेल्या सिंहासनावर बसून राज्यकारभाराच्या कटकटीनें तो अगदीं कंटाळून गेला आहे. पुढें कांहीं महिन्यांनीं आलेल्या कथेंत तोच कॉनन कोवळ्या वयाचा चोर म्हणून भेटतो; मग कधीं चांचा, कधीं भाडोत्री शिपाई, कधीं डोंगरी टोळ्यांचा नायक. एखादा धाडशी पुरुष आपल्या आयुष्यांतले प्रसंग आठवतील तसे, मागचे पुढें व पुढचे मागें करून सांगतो, त्या धर्तीवर आपण या कथा लिहीत गेलों, असा हॉवर्डचा स्वतःचा खुलासा आहे. त्यानें पूर्ण केलेल्या कॉननकथा एकवीस. त्यांत कादंबरी म्हणावी अशी एकच.

या एकवीस कथांत बापाच्या खुनाचा सूड ही गोष्ट कोठेंही नाहीं. कॉननचा बाप लोहार होता, आईनें त्याला रणभूमीवर जन्म दिला, पंधराएक वर्षांचा असतांना व्हेनेरियम नांवाचें ठाणें लुटणाऱ्या टोळींत तो होता, एवढी माहिती मिळते. आणि तीही बरीचशी हॉवर्डनें आपल्या एका वाचकास लिहिलेल्या पत्रांतून. तो घर सोडतो तो कोणाच्या जुलमामुळें नव्हे. डोंगराच्या पलीकडे काय आहे हें पाहावें, पोटभर खावें, प्यावें, लढावें, एवढीच त्याची प्रेरणा. त्याचा देव क्रोम हा पर्वतावर उदासपणें बसलेला. जन्मतांना माणसाला झुंजण्याचें बळ द्यावयाचें आणि मग त्याची हांक ऐकावयाची नाहीं, ही त्याची रीत. अशा देवाकडे गाऱ्हाणें नेऊन उपयोग नाहीं हें ज्याला बाळपणापासून ठाऊक आहे, तो मनुष्य स्वतःच्या दुःखाचें भांडवल करीत नाहीं. कॉनन प्रत्येक कथेंत दुसऱ्याच्या भांडणांत शिरतो, स्वतःच्या बुद्धीनें व बाहुबळानें त्यांतून पार पडतो आणि पुढच्या वाटेला लागतो. या मोकळेपणांतच त्याचें सारें आकर्षण आहे.

आतां १९८२ सालचा चित्रपट पाहा. जॉन मिलियस हा त्याचा दिग्दर्शक. पटकथेंत ऑलिव्हर स्टोन याचा वांटा. हा चित्रपट टाकाऊ आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. बेसिल पोलेडूरिस याचें संगीत आणि स्पेनमधील उजाड माळरानें यांनीं मिळून त्याला जी भव्यता आणली आहे, ती अशा चित्रपटांत क्वचितच आढळते. पण यांतला कॉनन लहानपणीं आईबापांचा वध डोळ्यांदेखत पाहतो, गुलाम म्हणून विकला जातो, वर्षानुवर्षें एक प्रचंड चक्र ओढून ओढून त्याचे स्नायू तयार होतात आणि मग थल्सा डूम या वैऱ्याच्या शोधांत त्याचें उरलेलें आयुष्य जातें. हें चक्र हॉवर्डच्या कथांत नाहीं. थल्सा डूमही कॉननचा वैरी नव्हे. त्याला हॉवर्डच्याच कल नांवाच्या दुसऱ्या नायकाच्या कथेंतून उचलून आणलें आहे. क्रूसावर खिळलेल्या कॉननने गिधाडाच्या नरडीचा चावा घेणें, मेलेल्या प्रियेनें ऐन संकटांत परत येणें, हे प्रसंग मूळ कथांतलेच खरे. परंतु दुसऱ्याच मूर्तीच्या अंगावर चढविलेल्या दागिन्यांसारखे ते दिसतात. २०११ सालीं मार्कस निस्पेल यानें नव्यानें आरंभ केला. रणभूमीवरचा जन्म त्यानें दाखविला, याबद्दल त्यास शाबासकी दिली पाहिजे. पण लगेच काय? पुन्हां गांवावर धाड, पुन्हां बापाचा मृत्यु, पुन्हां सूड! एकोणतीस वर्षांचें अंतर, नट निराळा, दिग्दर्शक निराळा, आणि खोड तीच.

ही खोड केवळ चित्रपटवाल्यांची म्हणतां येणार नाहीं. १९६६ पासून निघालेल्या स्वस्त आवृत्त्यांत स्प्रेग द कँप व लिन कार्टर यांनीं हॉवर्डच्या कथा कॉननच्या वयाच्या क्रमानें लावल्या आणि मधल्या रिकाम्या जागा आपल्या पदरच्या कथांनीं भरून काढल्या. त्या आवृत्त्यांमुळें कॉनन घरोघर पोंचला, हे उपकार आहेतच. पण सुट्या कथांचें असें चरित्र बनलें कीं त्याला आरंभ हवा, कारण हवें, ध्येय हवें असें वाटूं लागतें, आणि तें सारें पुरविण्यास बापाच्या खुनासारखी हुकमी युक्ति दुसरी नाहीं.

याच आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर फ्रँक फ्रझेटा यानें रंगविलेला आडदांड कॉनन लोकांच्या डोळ्यांत भरला. सात वेळां मिस्टर ऑलिंपिया ठरलेला श्वार्झनेगर त्या चित्राशेजारीं शोभला, यांत नवल नाहीं. हॉवर्डनें वर्णिलेला कॉनन धिप्पाड आहे, केस काळे, डोळे धुमसणारे निळे. परंतु लेखक पुनःपुन्हां उपमा देतो ती चित्त्याची, बैलाची नव्हे. तो चढतो, लपतो, कान देऊन ऐकतो. अनेक भाषा बोलतो. खदखदून हसतो आणि तितक्याच खोल उदासीनतेंत बुडतो. श्वार्झनेगरच्या तोंडीं मिलियसनें मोजकीं वाक्यें घातलीं. कदाचित् त्याच्या उच्चारांकडे पाहून तें शहाणपणाचेंच झालें असेल. पण त्यायोगें रानटी म्हणजे मुका, असा समज जो रूढ झाला तो झालाच. मोमोआची चपळाई मूळ वर्णनाच्या अधिक जवळ जाते, हें आम्ही आनंदानें कबूल करतों. बिचाऱ्याला पटकथा मात्र धड मिळाली नाहीं.

नट निवडावयाचाच तर त्याची परीक्षा कोणत्या प्रसंगावर घ्यावी? आमच्या मतें दोन प्रसंग पुरे आहेत. पहिल्या कथेंत राजाविरुद्ध कट करणाऱ्यांत रिनाल्डो नांवाचा एक कवि आहे. त्याच्या गीतांनीं प्रजा बिथरते, तेव्हां त्याला फांसावर चढवा असा सल्ला राजाला मिळतो. पण थोर कवि राजाहून मोठा, आपण मेल्यावरही त्याचीं गाणीं राहतील, असें म्हणून हा रानटी राजा नकार देतो. पुढें कटवाले शयनगृहांत घुसतात. त्या झटापटींत कवि सुरा घेऊन अंगावर येतो, तेव्हांही कॉननचा हात अडखळतो. सुरा कुशींत शिरल्यावरच तो वार करतो.

दुसरा प्रसंग ‘टॉवर ऑफ द एलिफंट’ या मार्च १९३३ च्या कथेंतला. तरुण कॉनन रत्न चोरण्यासाठीं जादूगाराच्या मनोऱ्यावर चढतो. आंत त्याला हत्तीचें मस्तक आणि मनुष्याचें धड असलेली एक आकृति दिसते. आमच्या वाचकांस येथें श्रीगजाननाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. परंतु हा जीव दूरच्या ग्रहावरून आलेला, पंख गमावलेला आणि जादूगारानें छळून आंधळा व पंगु केलेला आहे. कॉनन प्रथम भयानें गोठतो. मग त्या आंधळ्या डोळ्यांतून आसवें ओघळतांना पाहून त्याचें भय जातें, आणि जणूं साऱ्या मानवजातीचें पाप आपल्या माथीं आहे अशी शरम त्याला वाटते. तो जवळ जातो, ती सोंड आपल्या चेहऱ्यावरून फिरूं देतो, आणि त्याच दीन जिवाच्या विनवणीवरून त्याचें हृदय कापून काढतो. पहांटे मनोरा कोसळतो. चोरी करावयास आलेला चोर रिकाम्या हातानें बाहेर पडतो. ज्या नटाच्या मुद्रेवर ही करुणा उमटूं शकेल तो कॉनन. त्याच्या दंडाचा घेर मग शिंप्यानें मोजावा.

तथापि इमान राखणें म्हणजे लेखकाचे दोषही देव्हाऱ्यांत ठेवणें नव्हे. कृष्णवर्णी लोकांविषयीं हॉवर्डच्या कांहीं कथांत जो तिरस्कार आहे तो आज वाचवत नाहीं. ‘व्हेल ऑफ लॉस्ट विमेन’ ही कथा त्याच्या हयातींत छापली गेली नाहीं, १९६७ सालीं ती प्रसिद्ध झाली. नसती झाली तरी कॉननचें कांहीं बिघडलें नसतें. देवलांनीं ‘झुंझारराव’ रचतांना ऑथेल्लोचें नांव, देश, पोशाख सारें बदललें, पण संशयानें पोखरत जाणारें त्याचें मन बदललें नाहीं. काय टाकावें आणि काय ठेवावें याचा विवेक रूपांतरकाराला याहून चांगला कोठें शिकावयास मिळेल?

आपणांस जवळची वाटावी अशी कथा म्हणजे १९३४ सालची ‘पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’. हींतला व्हेंध्या देश म्हणजे विंध्यावरून नांव घेतलेला काल्पनिक हिंदुस्थान. त्याची राजधानी अयोध्या. राजा भुंदा चंद जादूच्या मरणानें मरत आहे. आपला आत्मा जादूगारांच्या हातीं पडूं नये म्हणून तो बहिणीची विनवणी करतो, आणि यास्मिना स्वतःच्या हातानें भावाच्या छातींत कट्यार खुपसते. हॉवर्डनें आपला देश पाहिला नव्हता. त्याच्या हिंदुस्थानांत नाटकी भडकपणा पुष्कळ आहे. पण ही राणी बाहुली नाहीं. बंधुवधाचा सूड घेण्यासाठीं ती बाहेर पडते, डोंगरी टोळ्यांचा नायक झालेला कॉनन तिला पळवून नेतो, आणि शेवटीं दोघें एकमेकांचा मान राखून वेगळीं होतात. ती राज्य सोडीत नाहीं, तो मोकळीक सोडीत नाहीं. सूडाची हौस ज्यांस आहे त्यांनीं या कथेचा चित्रपट करावा. येथें सूड राणीचा आहे आणि तो मूळ लेखकानेंच लिहिलेला आहे.

आणि हें होईल असा भरंवसा आम्हांस अगदींच निराधार वाटत नाहीं. १९७० पासून रॉय थॉमस व बॅरी स्मिथ या जोडीनें कॉननची चित्रमालिका काढली, तींत हत्तीच्या मनोऱ्याची कथा १९७१ सालीं जवळजवळ जशीच्या तशी आली. त्यांतला कॉनन सडपातळ, चपळ, विशीच्या आंतला पोर आहे. एक शहर, एक रात्र, एक मनोरा, दोन चोर आणि आंत वाट पाहणारा तो आंधळा जीव: एवढ्यावर दोन तासांचा चित्रपट सहज उभा राहील, आणि त्यांत कॉननच्या बापाचें नांवसुद्धां घ्यावें लागणार नाहीं.