शिफारस, शेवट आणि श्रद्धा : अमेरिकी ख्रिस्ती प्रणयकादंबरीच्या निमित्ताने

समीक्षाव्यवहारात आस्वाद, विश्लेषण आणि मूल्यमापन यांची चर्चा मराठीत विपुल झाली आहे. एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला 'हे वाच' असे सांगण्याची क्रिया मात्र समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरच राहिली. वस्तुतः ग्रंथालयाच्या खिडकीपाशी, मैत्रिणींच्या गप्पांत वा दुकानाच्या गल्ल्याशी घडणाऱ्या या क्रियेत मूल्यमापन असतेच, आणि त्याखेरीज एक हमीही असते. समीक्षक कृतीविषयी विधान करतो. शिफारस करणारा कृतीविषयी आणि समोरच्या वाचकाविषयीही विधान करतो. पुस्तक फसले तर समीक्षकाचे मत चुकले असे म्हणतात. शिफारस फसली तर विश्वास मोडतो.

या क्रियेचे तपशीलवार दर्शन जॅनिस रॅडवे यांच्या 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथात घडते. अमेरिकेतील एका गावातल्या प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रिया आणि त्यांना पुस्तके सुचवणारी दुकानातील विक्रेती यांचा हा अभ्यास. गावाचे आणि विक्रेतीचे नाव त्यात बदललेले आहे. ही विक्रेती नव्या कादंबऱ्यांवर अभिप्राय देणारे पत्रकही काढीत असे. त्या स्त्रियांपैकी काही जणी पुस्तक घेण्यापूर्वी शेवटची पाने वाचून पाहत. उच्चभ्रू अभिरुचीला हे हास्यास्पद वाटेल. परंतु शेवट सुखाचा आहे याची खात्री पटल्यावरच मधल्या दुःखाला सामोरे जाण्याचे बळ त्यांना लाभत होते. 'पुढे काय होते' हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता. 'कसे होते' हाच खरा प्रश्न होता.

ख्रिस्ती प्रणयकादंबरी आणि तिची धाकटी बहीण असलेली ख्रिस्ती उत्कंठाकादंबरी यांचा विचार येथून सुरू करावा लागतो. जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' (१९७९) ही या परंपरेतील आधुनिक पर्वाचा आरंभ मानली जाते. पश्चिमेकडे निघालेल्या मार्टीचा पती वाटेतच दगावतो. एका लहान मुलीला आई हवी म्हणून क्लार्क तिला विवाहाची मागणी घालतो. सोयीसाठी झालेल्या या विवाहात प्रेम आणि श्रद्धा दोन्ही हळूहळू उगवतात. पुढे या प्रकाराचा विस्तार इतका झाला की सर्वसाधारण प्रणयकादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेनेही १९९७ मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' ही स्वतंत्र माला काढली आणि २००५ मध्ये तिला उत्कंठाकथांची जोड दिली.

मराठी अभ्यासकाला येथे एका आप्तसंबंधाची आठवण होणे अपरिहार्य आहे. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७), जे मराठीतील पहिली कादंबरी म्हणून सामान्यतः ओळखले जाते, तेही एका ख्रिस्ती लेखकाचे, आणि तिची नायिकाही वैधव्य, धर्मस्वीकार व पुनर्विवाह या टप्प्यांतून जाते. पण साम्य येथेच संपते. यमुनेच्या वैधव्याभोवती अख्खा समाज उभा आहे. तिच्या पर्यटनातून लेखक विधवांच्या स्थितीचा पंचनामाच मांडतो, प्रणयाला तेथे फारशी जागा नाही. मार्टीच्या वैधव्याभोवती माळरान आहे आणि थंडी आहे, केशवपनाची सक्ती किंवा बहिष्काराचे भय नाही. त्यामुळे पदमनजींच्या कादंबरीत श्रद्धा हा समाजाशी झालेला वाद ठरतो, तर ओक यांच्या कादंबरीत तो एका मनाचा स्वतःशी चाललेला संवाद राहतो. 'बोधवादी' असा एकच शिक्का दोन्हींवर मारून मोकळे होणे हा समीक्षेचा आळस होय.

शिफारस करणाऱ्या वाचकांच्या भाषेत या कादंबऱ्यांसाठी एक विशेषण सतत येते : 'स्वच्छ'. शय्यादृश्ये नाहीत, शिवीगाळ नाही, हिंसा आवरती आहे, म्हणून पुस्तक मुलीच्या हाती निःशंकपणे देता येते, एवढाच त्याचा अर्थ. हा निकष पूर्णतः नकारात्मक आहे. पुस्तकात काय नाही ते तो सांगतो, काय आहे त्याविषयी मौन पाळतो. पथ्याचे जेवण रुचकर आहे की नाही, हे पथ्याच्या यादीवरून कळत नाही. लिन नील यांनी 'रोमान्सिंग गॉड' (२००६) मध्ये या कादंबऱ्यांच्या इव्हँजेलिकल वाचक स्त्रियांचा जो अभ्यास केला आहे, त्यावरून वाचकांची खरी भूक या विशेषणापेक्षा मोठी असल्याचे दिसते. या वाचनाला त्या रंजनाबरोबरच श्रद्धेच्या जोपासनेचाही भाग मानतात. तेव्हा शिफारशीचा निकषही तेथेच शोधावयास हवा.

त्यासाठी या प्रकाराच्या कथनरचनेतील एक पेच समजून घ्यावा लागेल. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी रहस्यकथेच्या वर्गीकरणात जिज्ञासा आणि उत्कंठा यांत भेद केला आहे. जिज्ञासा परिणामाकडून कारणाकडे जाते, तर उत्कंठा कारणाकडून परिणामाकडे. ख्रिस्ती उत्कंठाकादंबरीत परिणाम तिहेरी बांधलेला असतो. गुन्हेगार सापडणार, प्रेमिकांचे मीलन होणार आणि अश्रद्ध पात्राला श्रद्धा लाभणार. शिवाय करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील, अविश्वासी व्यक्तीशी विजोड न होण्याच्या आदेशामुळे, तिसरी गोष्ट घडल्याखेरीज दुसरी घडू शकत नाही. सर्व काही ईश्वरी योजनेत निश्चित असलेल्या विश्वात उत्कंठा उरते कोठे?

ती उरते मानवी संमतीत. ईश्वर देऊ करतो, पण स्वीकार माणसानेच करावयाचा असतो; त्या स्वीकाराचा क्षण कोणत्याही योजनेने आधी लिहून ठेवता येत नाही. बाँब फुटेल की नाही या प्रश्नापेक्षा नायिकेचे मन वळेल की नाही, आणि वळले तर ते कशाने, हा या कादंबरीतील खरा ताण आहे. दुबळी कादंबरी येथेच फसते. ती नायिकेच्या कानशिलाला पिस्तूल लावते आणि तिच्या तोंडून प्रार्थना वदवून घेते. भयाने उच्चारलेली प्रार्थना कथानक पुढे ढकलील, पण ती श्रद्धा नव्हे. आणि श्रद्धाळू वाचकानेच तिला प्रथम हरकत घ्यावयास हवी.

डी हेंडरसन यांची 'द निगोशिएटर' (२०००) ही कादंबरी या परीक्षेला पुष्कळ अंशी उतरते. अनाथाश्रमात वाढून एकमेकांना भावंडे मानणाऱ्या सात ओमॅलींपैकी केट ही ओलिसांच्या सुटकेसाठी वाटाघाटी करणारी पोलीस अधिकारी. एफबीआयमधील डेव्ह तिच्यावर प्रेम करतो, पण श्रद्धेचा प्रश्न दोघांच्या मध्ये उभा राहतो. केटची अडचण भावनिक नाही, तात्त्विक आहे : न्यायी असणारा ईश्वर क्षमाशील कसा असू शकेल? आयुष्य गुन्हेगारांसमोर घालवलेल्या स्त्रीला हाच प्रश्न पडावा, यात व्यवसाय आणि अंतर्विश्व यांचा सांधा जुळलेला आहे. बहीण जेनिफरच्या कर्करोगामुळे तो प्रश्न निकडीचा होतो. गद्य साधे, क्वचित सपाट आहे, गुन्ह्याचा उलगडाही फार चतुर नाही. तरीही ही कादंबरी निःसंकोच सुचवावी अशी आहे. (मालेची पूर्वकथा 'डेंजर इन द शॅडोज' आधी वाचावी की नंतर, हा वाद रसिकांवर सोडावा; केटची ओळख आधी झालेली बरी.)

फ्रान्सीन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' हे याहून अवघड प्रकरण आहे. १९९१ मध्ये सर्वसाधारण बाजारपेठेसाठी प्रसिद्ध झालेली ही कादंबरी १९९७ मध्ये संस्कारित रूपात ख्रिस्ती प्रकाशनातून आली. होशेय संदेष्ट्याची कथा तिने सोन्याच्या शोधाने झपाटलेल्या कॅलिफोर्नियात नेली आहे. बालपणी विकली गेलेली एंजल आणि ईश्वराच्या आज्ञेने तिच्याशी विवाह करणारा मायकेल ही तिची मुख्य पात्रे. 'स्वच्छ' या निकषावर ती अर्थातच डळमळते, म्हणून शिफारस करणारे सावधगिरीचा इशारा जोडतात. पण तो इशारा चुकीच्या जागी असतो. वेश्यागृहाचे चित्रण ही कादंबरीची नैतिक अडचण नाही. मारहाणीने अर्धमेली झालेली स्त्री भान हरपत असताना विवाहाला जो होकार देते, तो होकार मानावा काय, हा खरा प्रश्न आहे. मायकेलची चिकाटी ईश्वरी कृपेचे रूपक म्हणून उदात्त असेल, पण रूपकाबाहेर पाऊल टाकताच ती एका पुरुषाची चिकाटी होते, आणि पळून जाणाऱ्या स्त्रीचा माग काढणाऱ्या पुरुषाकडे कोणतीही तरुण वाचक कशा दृष्टीने पाहील, याची जबाबदारी पुस्तक सुचवणाऱ्यावर येते.

आणि तरीही कादंबरीच्या उत्तरार्धाने या आक्षेपाला काही अंशी स्वतःच उत्तर दिले आहे. एंजलची श्रद्धा मायकेलच्या घरात उमलत नाही. त्याला सोडून गेल्यावर, सॅन फ्रान्सिस्कोत, त्याच्या अनुपस्थितीत ती तिला लाभते. तिच्यासारख्या स्त्रियांसाठी ती निवारा उभारते, काही वर्षे तेथे घालवते आणि मगच आपल्या पायांनी परत येऊन आपले खरे नाव त्याला सांगते. प्रारंभी हिरावलेली संमती शेवटी तिच्या हाती परत दिली जाते. हा आक्षेप आणि हे उत्तर दोन्ही सांगूनच ही कादंबरी सुचवावी. केवळ 'अप्रतिम' म्हणून ती कोणाच्या हाती ठेवणे हलगर्जीपणाचे ठरेल.

फ्रँक पेरेट्टी यांच्या 'धिस प्रेझेंट डार्कनेस' (१९८६) बद्दल मात्र हात आखडता घ्यावा लागतो. तोंडी शिफारशींनीच ही कादंबरी पसरली. गायिका एमी ग्रँट यांनी तिचा पुरस्कार केल्याचा तिला मोठा लाभ झाला. एका छोट्या गावावर देवदूत आणि दुरात्मे यांची सेना झुंजते, वेग विलक्षण आहे. पण माणसाच्या प्रत्येक वाकड्या प्रवृत्तीमागे एक दुरात्मा बसवल्यावर निवड करावयास माणूस उरतच नाही, आणि विरोधी मताचा शेजारी सैतानाचा हस्तक ठरू लागतो. वाचकाला ती हाती धरून ठेवील यात शंका नाही. ज्याला असे शेजारी आहेत, त्याला ती प्रथम सुचवू नये.