‘श्री साईसच्चरिता’तील रोगनिवारण : एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

श्रद्धेच्या आधारे रोगनिवारण करण्याची परंपरा जगातील बहुतेक संस्कृतींत आढळते. तिचा इतिहास अभ्यासताना रोगी बरा झाला की नाही, एवढाच प्रश्न पुरेसा ठरत नाही. बरे झाल्याची साक्ष कोणी आणि कोणत्या स्वरूपात जपली, हेही पाहावे लागते. प्राचीन ग्रीसमधील एपिडॉरस येथे अस्क्लेपिअस या देवतेच्या स्थानी अशा साक्षी शिलालेखांत कोरल्या गेल्या. फ्रान्समधील लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय त्यांची तपासणी करीत आले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शिर्डीची साक्ष मात्र मराठी ओवीत नोंदली गेली. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत (मृत्यू १९२९) यांचा ‘श्री साईसच्चरित’ हा ग्रंथ भाविक चमत्कारांचे भांडार म्हणून वाचतात, तर टीकाकार त्याच कारणास्तव तो बाजूला ठेवतात. या दोन्ही वाचनांत ग्रंथाचा एक महत्त्वाचा भाग निसटतो.

साक्षीचे स्वरूप

दाभोलकर यांनी मॅजिस्ट्रेट म्हणून काम केले होते. रोग्याचे नाव, गाव आणि व्याधी नोंदविण्याची त्यांची रीत त्या सवयीशी जुळणारी आहे. क्षयाने जर्जर झालेले नारायणगावचे भीमाजी पाटील (अध्याय १३) हे याचे उदाहरण होय. तथापि ही नोंद पारायणासाठी रचलेल्या पोथीत येते. पोथीची रचना फलश्रुतीकडे झुकते. साहजिकच, निराश होऊन परतलेल्या रोग्यांचा तीत पत्ता लागत नाही. एपिडॉरसच्या शिलालेखांनाही हीच मर्यादा आहे.

निवारण आणि सोबत

पहिल्या अध्यायात साईबाबा जात्यावर गहू दळतात. गावातील चार स्त्रिया पुढे येऊन दळण पुरे करतात. पीठ आपसांत वाटून घेऊ लागताच बाबा त्यांना रागावतात आणि ते गावाच्या शिवेवर टाकायला लावतात. पटकीची साथ ओसरते. येथे रोग एका देहाचा नसून गावाचा आहे, आणि उपायही गावाच्या हातून होतो.

सातव्या अध्यायात दिशा बदलते. १९१० मध्ये लोहाराचे मूल वाचविण्यासाठी बाबांनी धुनीत हात घातला, अशी कथा आहे. नानासाहेब चांदोरकर यांनी मुंबईहून डॉ. परमानंद यांना आणले. परंतु बाबांनी उपचार करून घेतले नाहीत. हातावर रोज पट्टी बांधण्याचे काम कुष्ठरोगी भागोजी शिंदे यांच्याकडे राहिले. बरे करणाराच येथे जखमी आहे, आणि त्याची शुश्रूषा करणारा रोगी स्वतः व्याधीमुक्त झाल्याचे ही कथा सांगत नाही. चमत्कारांच्या यादीत हा प्रसंग बसत नाही; म्हणूनच तो मोलाचा आहे.

एकतिसावा अध्याय तर मृत्यूंचाच आहे. संन्यासी विजयानंद, बाबांचा एकनिष्ठ सेवक मेघा आणि गाडीतून आणलेला आजारी वाघ यांपैकी कोणीही वाचत नाही. बाबांच्या सान्निध्यात आलेला मृत्यू हीच तेथे कृपा मानली आहे. म्हणजे ग्रंथाच्या दृष्टीने निवारण आणि रोगमुक्ती हे समानार्थी शब्द नाहीत.

मर्यादा

या वाचनाने ग्रंथ प्रश्नांपलीकडे जात नाही. तेविसाव्या अध्यायात माधवराव देशपांडे ऊर्फ शामा यांना सर्पदंश होतो आणि बाबांच्या आज्ञेने विष उतरते. ही कथा उपचारपद्धती म्हणून स्वीकारणे आज प्राणघातक ठरेल. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंश झालेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे गुन्हा ठरविले आहे. शिर्डीत संस्थानही आज आधुनिक रुग्णालये चालविते. कथेचा भक्तिपर अर्थ आणि तिचे वैद्यकीय मूल्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

समारोप

‘साईसच्चरिता’ला वैद्यकीय पुरावा मानणे जितके अयोग्य, तितकेच त्याला केवळ अंधश्रद्धेचा दस्तऐवज ठरविणेही अपुरे आहे. साथींच्या आणि अपुऱ्या वैद्यकीय सोयींच्या काळात रोग्याला एकटे न सोडण्याची जी रीत या भूमीत होती, तिची साक्ष या ग्रंथात आहे. सर्पदंशावर औषध रुग्णालयातच मिळते. भागोजी शिंदे यांनी रोज बांधलेली पट्टी ही निराळी गोष्ट आहे, आणि तिची गरज रुग्णालयातील रोग्यालाही असते.