ही चाल वाजवतो कोण?

संगीतातला मी अधिकारी पुरुष नव्हे. दिवसा शाळेत मुलांना शिकवावे, रात्री कादंबरीची चार पाने खरडावीत आणि जमल्यास एखादा ख्याल ऐकून झोपावे, एवढाच माझा व्यासंग. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने बाली बेटावरच्या ‘गामेलान’ वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे आणून दिली, तेव्हा पहिल्या रात्री ती मी पाच मिनिटांत बंद केली, हे कबूल केलेले बरे. स्वयंपाकघरातली मांडणी भांड्यांसकट कोसळावी, तसा तो काशाचा गलका! त्यात मुख्य कोण नि साथीला कोण, काही उमगेना.

पुढे एक चाल मनात घोळू लागली. चांदीच्या तारेसारखी बारीक, अतिशय जलद. ती वाजवणारा कोण, याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा उत्तर मिळाले ते असे, की ती कोणीच वाजवत नाही!

या वृंदात काशाच्या पट्ट्यांची ‘गांगसा’ नावाची वाद्ये असतात. पट्ट्यांखाली बांबूच्या नळ्या, वादकाच्या उजव्या हातात हातोडी. डाव्या हातालाही उसंत नाही. पुढची पट्टी वाजली रे वाजली, की मागची चिमटीत धरून तिचा नाद तोडायचा. नाहीतर सुरांचा नुसता चिखल. आता ती जलद चाल दोघांत वाटलेली असते. एकाचा भाग ‘पोलोस’, म्हणजे साधा; दुसऱ्याचा ‘सांगसिह’. पोलोसवाला जिथे गप्प, नेमका तिथे सांगसिहवाला वाजवतो; एखाद्या सुरावर दोघांची गाठही पडते. या गुंफणीला ‘कोतेकान’ म्हणतात. एकट्याचा भाग ऐकला तर वाक्यातला प्रत्येक दुसरा शब्द खोडल्यासारखा वाटतो. दोन्ही भाग मिळाले म्हणजे अखंड धार लागते, आणि तीही अशा वेगाने, की एका माणसाच्या हाताला ती झेपू नये.

वाद्ये जुळवण्यातही हीच खुबी आहे. जोडीतले एक वाद्य किंचित चढे, दुसरे किंचित उतरे ठेवतात. कारागिराचा हलगर्जीपणा नव्हे तो! दोन्ही एकदम वाजली, की सुराला थरथर सुटते. तिला ते ‘ओंबाक’, म्हणजे लाट, म्हणतात. तंबोरा जुळवताना जी थरथर घालवण्यासाठी आपण खुंट्या पिळत बसतो, ती इथे मुद्दाम घडवलेली! तो कंप ना या पट्टीत, ना त्या पट्टीत. शिवाय सबंध संच एकमेकांशी जुळवलेला असल्याने एका संचातले वाद्य उचलून दुसऱ्यात बसवता येत नाही.

हे संगीत यंत्रासारखे आहे, असा आक्षेप मी ऐकला आहे. आयत्या वेळी सुचलेल्या जागेवर जीव टाकणारे आपण. इथे बरेचसे आधीच बसवलेले. पण दोन ढोलवाल्यांची खूण होताच पंचवीसएक माणसे एका श्वासात लय चढवतात ती ऐकावी. समोर काठी हलवणारा कोणी नाही. यंत्राला शेजाऱ्याचे ऐकावे लागत नाही. इथे कान ढळला की हात चुकलाच. आणखी एक गंमत. आपली सम आवर्तनाच्या आरंभी. तिकडे मोठी घंटा पडते ती आवर्तन पुरे करण्यासाठी. हे ध्यानात येईपर्यंत माझी मान भलत्याच ठिकाणी डोलत होती!

मात्र याला रामराज्य समजू नये. सारा गाव मिळून चाली रचतो, हा भाबडेपणा आहे. कुट्याचा लोट्रिंग, जगारागाचा ग्दे माणिक असे नावाजलेले रचनाकार तिथे होऊन गेले. वृंदावृंदांत चुरसही मोठी. १९१५च्या सुमारास उत्तर बालीत ‘कब्यार’ ही भडक, झपाटलेली शैली निघाली आणि तिच्या नादापायी अनेक गावांनी आपले जुने, मंद गोडव्याचे संच वितळवून नवे ओतून घेतले. कब्यार मला आवडतो; तरी त्या भट्टीची आठवण झाली की आवडणे जरा अवघड होते.

जन्माने कॅनडाचे संगीतकार कॉलिन मॅकफी १९३०नंतरच्या दशकात बालीतल्या सायान गावी घर बांधून राहिले. तिथल्या मुलांच्या वृंदाविषयी त्यांनी लिहिले आहे. पुढ्यात स्वरलिपी नाही, व्याख्यान नाही. गुरू वाजवून दाखवतो, मुले पाहतात, तुकडा तुकडा उचलतात. आणि हे सगळे सर्वांच्या संगतीत. ते वाचताना माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात तो मागेपुढे होई, म्हणून मी त्याला सांगितले होते, ‘तू नुसते ओठ हलव.’ गीत छान झाले, बक्षीसही मिळाले. कोतेकानात ही युक्ती चालली नसती. तिथे एक गप्प बसला की चालीलाच भोके पडतात. त्याला शिकवण्यावाचून गुरूला गत्यंतर नाही. तो मुलगा आता कुठे असतो, मला ठाऊक नाही.

हल्ली जेवणे आटोपली, की मी आणि माझी धाकटी मुलगी चटईवर बसून दोन चमच्यांनी पाटावर कोतेकानाचा एक सोपा तुकडा वाजवू पाहतो. पोलोस माझा, सांगसिह तिचा. तिसऱ्या आवर्तनाला हमखास गोंधळ होतो, आणि ती चमचा खाली ठेवून म्हणते, “बाबा, तुम्ही माझंसुद्धा वाजवताय!”