बारावीच्या वहीतली व्यंगचित्रं : एक वाचन

पांडेसऱ्यातल्या बारावीच्या एका विद्यार्थिनीने मंडळाकडे एक वही दिली आहे. विषय, राजकीय व्यंगचित्रं आणि आपलं रोजचं जगणं. तिचं नाव मुद्दाम देत नाही, परीक्षेचं वर्ष आहे. आपल्याकडे सुरतेचा इतिहास म्हटलं की किल्ला, इंग्रज-डचांच्या वखारी आणि महाराजांची स्वारी, एवढ्यावर गाडी थांबते. उधना-पांडेसऱ्याला इतिहास असतो हेच पुष्कळांना पटत नाही. म्हणून या वहीचं अप्रूप वाटलं. पण शाबासकी देऊन मोकळं होणं म्हणजे ती वाचलीच नाही असं होईल. नीट वाचली, आणि काही ठिकाणी भांडणही झालं.

पहिला भाग आर. के. लक्ष्मण यांचा. 1951 पासून टाइम्स ऑफ इंडियात 'यू सेड इट' यायला लागलं, आणि त्यातला चौकड्याचा कोट, धोतर, चष्मा घातलेला 'कॉमन मॅन' घरोघरी पोचला. 1988 साली तो टपाल तिकिटावर आला, पुण्यात त्याचा पुतळा झाला. ही मुलगी म्हणते की तो माणूस म्हणजे आपले आजोबाच. आजोबा ताप्ती व्हॅलीच्या गाडीने खानदेशातून आले, प्रोसेस हाउसमध्ये स्टेंटरवर उभे राहिले, आणि आयुष्यभर कुणाला उलट बोलले नाहीत.

इथे माझं तिच्याशी जमत नाही. दोघेही गप्प आहेत, एवढंच साम्य. पण गप्प राहण्याचेही प्रकार असतात. लक्ष्मण यांचा माणूस सगळीकडे हजर असतो. मंत्र्याच्या खोलीत, विमानतळावर, खड्ड्याच्या उद्घाटनाला. त्याला तिथून कुणी हाकलत नाही. बघायला त्याच्याकडे वेळ आहे. बारा तासांच्या पाळीत उभ्या राहिलेल्या माणसाला बघायलाच सवड नसते, तो कसला साक्षीदार होणार? लक्ष्मण यांनी झोपडपट्टी काढली नाही, दुष्काळी गाव काढलं नाही, असं नाही. पण तिथेही हा कोटवाला बाजूला उभा राहून बघतो. आजोबा असलेच तर ते चित्रातल्या त्या झोपडीत आहेत, कोटात नाहीत.

गंमत अशी की हे तिलाही दिसलंय. पुढे एका पानावर ती लिहिते की तिने जमवलेल्या एकाही चित्रात रात्रपाळी नाही. आणि दुसरं, कॉमन मॅन बोलत नाही, पण त्याची बायको बोलते. वहीतलं सगळ्यात चांगलं निरीक्षण हे, आणि त्याला तिने दिल्यात चार ओळी! आपल्या गल्लीत पाण्यासाठी, रेशनसाठी, पावसाळ्यात खाडीपूर आला की नगरसेवकाच्या दारात जाऊन बोलतं कोण? पुरुष पाळीवर असतात नाहीतर झोपलेले असतात. बायकाच जातात. यावर तिने पाच-सहा पानं लिहायला हवी होती. राजकीय व्यंगचित्र आणि रोजचं जगणं यांची गाठ नेमकी इथे पडते.

दुसरा भाग 'मार्मिक'चा. बाळासाहेब ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत यांनी काढलेल्या या साप्ताहिकाचं प्रकाशन 13 ऑगस्ट 1960 ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं. त्याआधी बाळासाहेब फ्री प्रेस जर्नलमध्ये होते, लक्ष्मणही काही काळ तिथेच होते. वहीत समोरासमोरच्या पानांवर एकीकडे लक्ष्मण, दुसरीकडे ठाकरे. मांडणी झकास आहे. पण डाव्या पानावरून उजव्या पानाला प्रश्न विचारायला नको का?

बाळासाहेबांची रेघ जबरदस्त होती याबद्दल वाद नाही. ब्रशचे दोन फटकारे आणि माणूस उभा. मात्र त्याच 'मार्मिक'मध्ये 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. त्या याद्यांमधूनच 1966 च्या शिवसेनेची जमीन तयार झाली. ती नावं मुख्यतः दक्षिणेकडची होती, आणि लक्ष्मण म्हैसूरचे. मुलगी लिहिते की 'मार्मिक' हा मराठी माणसाचा आवाज होता. बरोबर आहे, मुंबईत होता. पण ही वही पांडेसऱ्यात लिहिली आहे हो! इथे बाहेरून आलेला कोण? आपण. धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेले, घरात अहिराणी, बाजारात गुजराती, मिलमध्ये हिंदी बोलणारे. शेजारी ओडिया, उत्तर प्रदेशवाले, बिहारी. उद्या इथे कुणी तशी यादी छापायची म्हटली तर पाटील आणि सोनवणे कुठल्या पानावर येतील?

हा प्रश्न एकट्या मुलीला विचारणं बरोबर नाही. आम्ही मोठी माणसंही तो टाळतो. 'मार्मिक'च्या आठवणी निघाल्या की व्यंगचित्रांबद्दल बोलायचं आणि याद्यांबद्दल बोलायचं नाही, अशी रीतच पडून गेली आहे.

तिसरा भाग शंकर यांच्या गोगलगायीचा. बारावीच्या मुलीने हे चित्र निवडणं साहजिक, कारण ते तिच्याच वयाच्या मुलांच्या पुस्तकात होतं. 28 ऑगस्ट 1949 चं चित्र. गोगलगायीवर, म्हणजे राज्यघटनेवर, बाबासाहेब बसलेले, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते 2006 पासून होतं. मे 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कचेरीची तोडफोड झाली. या सगळ्यावर तिचा निष्कर्ष एका वाक्यात येतो : नेत्यांना विनोद पचत नाही.

हे फार सोपं झालं. नेत्यांना पचत नाही हे खरंच, पण चिडले ते फक्त नेते नव्हते. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे असं म्हणणारे आहेत, बाबासाहेबांवर आहे असं म्हणणारेही आहेत. ज्याच्या आजा-पणज्याने खराखुरा मार खाल्लाय, त्याला तो चाबूक 1949 च्या दिल्लीकर वाचकासारखा दिसेल असं आपण कसं धरून चालायचं? उधना-पांडेसऱ्यात खानदेशातून आलेली आंबेडकरी कुटुंबं आहेत, 14 एप्रिलला त्यांच्या मिरवणुका निघतात. दिल्लीच्या बातम्या उतरवण्यापेक्षा शेजारच्या गल्लीत ते चित्र दाखवून लोक काय म्हणतात ते लिहिलं असतं, तर ही वही दस्तऐवज झाली असती.

आमच्या जुन्या धंद्यात ड्रॉइंग हातात आलं की आधी उजवा खालचा कोपरा बघायचा. कुणी काढलं, कधी, स्केल काय, कितवी सुधारणा. व्यंगचित्राला हा कोपरा आपण लावायचा असतो. गोगलगायीला तो लावून बघा. घटना समितीची पहिली बैठक 9 डिसेंबर 1946 ची, घटना स्वीकारली 26 नोव्हेंबर 1949 ला. म्हणजे चित्र छापलं तेव्हा गोगलगाय मुक्कामापासून 90 दिवसांवर होती. उशिराच्या आरोपाला बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबरच्या भाषणात स्वतःच उत्तर दिलं. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. अमेरिकेने घटना चार महिन्यांत केली, पण ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं लागली. शिवाय अमेरिकेच्या घटनेत अवघी सात कलमं होती आणि दुरुस्त्यांचा हा डोंगर नव्हता. पाठ्यपुस्तकातही वेळ का लागला ते समजावलेलं होतं. पण पोरं आधी चित्र बघतात, मग मजकूर. माझं मत विचाराल तर चित्र काढून टाकायला नको होतं. त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टायपात ते भाषण हवं होतं. आणि तोडफोडीचं समर्थन कशानेच होत नाही.

एक मोठी उणीव राहते. गुजरातच्या वहीत गुजराती व्यंगचित्रकार एकही नाही. 'चकोर', म्हणजे बन्सीलाल वर्मा, यांचं नाव तरी यायला हवं होतं. मुंबईच्या 'हिंदी पंच'मध्ये चित्रांखाली इंग्रजीबरोबर गुजराती ओळी असत, तो धागाही सुरतेला जवळचा. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला गुजराती वाचता येतं, इथे सगळ्यांनाच येतं. मग आजोबांच्या मिलसमोर चहाच्या टपरीवर रोज पडलेला गुजराती पेपर वहीत का आला नाही? की घरातलं वाचन आणि टपरीवरचं वाचन आपण वेगळं धरतो?

शेवटच्या तीन पानांवर तिने स्वतः काढलेली चित्रं आहेत. दोन साधारण. तिसऱ्यात निवडणुकीचा रिक्षा-भोंगा, आणि खिडकीला गोधडी लावून झोपलेला रात्रपाळीचा माणूस. दारात उभी असलेली बाई बोट ओठांवर ठेवून भोंग्याला गप्प करते आहे. खाली मजकूर नाही, आणि लागतही नाही.

वही मंडळाच्या संग्रहात स्कॅन करून ठेवायची आहे. कात्रणांपैकी बऱ्याच जणांवर तारीख नाही, पेपरचं नाव नाही. मुलीला परीक्षेनंतर बसवून ते भरून घेतलं पाहिजे. आजोबांना आठवत असेल तर त्यांनाही बोलवावं, आणि आजीला नक्की.